सोलापुरात बसून अर्थशास्त्रात रिसर्च कसं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातूनच एम.ए. अर्थशास्त्र झालंय, शिक्षण मराठी मीडियममधून, आई विड्या वळते, आता पीएचडी करायचीये. सरांनी "सोलापूर शहरातील विडी कामगार महिलांच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास" असा विषय सुचवलाय. पण नेटवर अर्थशास्त्राचे पेपर उघडले की समीकरणं, प्रयोग आणि तक्ते दिसतात आणि त्यांचा आपल्या विषयाशी काही संबंधच लागत नाही, मग जगभरातले हे लोक नक्की कशावर काम करतात आणि आपण सुरुवात कुठून करायची?

माझी सगळी नोकरी याच कामात गेली, शिकवणं, सर्व्हे, डेटा साफ करणं, मुलांचे थिसिस वाचणं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

सरांचा विषय वाईट नाही, फक्त तो अजून प्रश्न झालेला नाही. "आर्थिक स्थितीचा अभ्यास" म्हटलं की शेवट आधीच ठरलेला असतो, मजुरी कमी आहे, आरोग्याच्या तक्रारी आहेत, शासनाने लक्ष घालावं. शेकडो बायकांकडून फॉर्म भरून घेतलेस, टक्केवारीचे तक्ते काढलेस, शिफारशींचं प्रकरण लिहिलंस, तरी शेवटी हातात तेच राहणार जे तुला पहिल्या दिवशी माहीत होतं, कारण तू त्याच घरात वाढलीस. शोधगंगावर, म्हणजे देशातल्या पीएचडी थिसिसच्या साइटवर, जाऊन बघ, "अमुक जिल्ह्यातील तमुक उद्योगाचा आर्थिक अभ्यास" या साच्यातले थिसिस किती पडलेत, आणि त्यातला एखादा वाचून तुला नवीन काय कळलं ते स्वतःलाच विचार. माझ्याकडे कोणी विषय घेऊन आलं की मी दोन गोष्टी विचारतो, तुझं उत्तर तुला वाटतंय त्याच्या उलटं येऊ शकतं का, आणि तू जे म्हणतेस ते कशाच्या तुलनेत म्हणतेस. या दोन्हीला उत्तर असेल तर विषय कितीही छोटा असू दे, ते संशोधन आहे.

आता आपल्याच जिल्ह्याची गोष्ट सांगतो, इथल्या अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट म्हणून आंतरराष्ट्रीय संस्था आहे, कोरडवाहू शेतीवर काम करणारी. त्यांनी १९७५ मध्ये सहा गावं निवडली, दोन मेहबूबनगर जिल्ह्यातली, दोन अकोल्यातली आणि दोन आपल्याकडची, मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि उत्तर सोलापुरातलं कळमण. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबं घेतली, दहा भूमिहीन मजुरांची आणि दहा-दहा लहान, मध्यम, मोठ्या शेतकऱ्यांची. माहिती घेणारा माणूस गावातच राहायला होता, दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरात जाऊन विचारायचा, ज्वारी किती झाली, किती विकली, उसने कुणाकडून घेतले, मजुरीला किती दिवस गेलात, काय विकत आणलं, बैल विकला का. शिरापूरमध्ये तर हे १९८४-८५ पर्यंत सलग चाललं. रब्बी ज्वारीवर जगणारं काळ्या रानाचं गाव, पाऊस कधी येईल कधी नाही याचा भरवसा नाही, आणि तिथल्या माणसांचं दहा वर्षांचं घरचं गणित महिन्या-महिन्याने लिहून ठेवलेलं. जगात असा डेटा त्या काळी फार कमी ठिकाणी होता.

त्या डेटातून पुढे काय-काय निघालं ते बघ. हान्स बिन्सवँगर या अर्थतज्ज्ञाने या गावांमधल्या शेतकऱ्यांबरोबर खरे पैसे लावून नाणेफेकीचे खेळ खेळले, एका पर्यायात थोडे पण पक्के पैसे, दुसऱ्यात जास्त पण धोका, आणि निकाल १९८० मध्ये छापले. तोपर्यंत साधारण समज असा होता की गरीब शेतकरी मुळातच भित्रा असतो म्हणून नवीन बियाणं, खत घेत नाही. निघालं असं की रक्कम मोठी झाली की बहुतेक सगळेच मध्यम सावध होतात आणि श्रीमंत-गरीब यात फारसा फरक पडत नाही, म्हणजे गरीब माणूस मागे राहतो त्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्याला कर्ज मिळतं का, अडचणीला हाताशी काय असतं, यात शोधायला पाहिजे. उत्तर उलटं येऊ शकतं का म्हणतात ते हेच.

मग १९८९ मध्ये मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी लग्नाकडे बघितलं. आपल्याकडे लेक लांबच्या गावी देतात त्याला आपण सोयरीक, मानपान, भावकी अशी कारणं देतो. यांनी विचारलं की लांबच्या गावचा पाऊस आपल्या गावापेक्षा वेगळा असतो, मग इकडे पिकलं नाही तर व्याही मदतीला येऊ शकतात, तर हा एक प्रकारचा विमा तर नाही? आकडे तसंच सांगत होते, ज्यांचं शेतीचं उत्पन्न जास्त वर-खाली होतं ती घरं मुली जास्त लांब देत होती, आणि लांब सोयरीक असलेल्या घरांचं खाणंपिणं वाईट वर्षात कमी ढासळत होतं. मला हा पेपर फार आवडतो, कारण यातली निम्मी माहिती आपल्या आजीला ठाऊक असते, पण ती आकड्यांनी तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि १९९४ मध्ये रॉबर्ट टाउनसेंडचा पेपर आला, जगातले अर्थशास्त्राचे विद्यार्थी आजही तो वाचतात. त्यात तीन गावं होती आणि त्यातलं एक आपलं शिरापूर. प्रश्न असा, एखाद्या वर्षी एकट्या घराचं उत्पन्न पडलं तर त्या घराचा खर्च पडतो का, की गाव त्याला सावरून घेतं? गावात पूर्ण विमा असल्यासारखी देवाणघेवाण असेल तर प्रत्येक घराचा खर्च गावाच्या सरासरीबरोबर हलेल आणि स्वतःच्या उत्पन्नाचा त्यावर जवळजवळ परिणाम दिसणार नाही. टाउनसेंडला पूर्ण विमा नाही सापडला, पण लोकांना वाटत होतं त्यापेक्षा खूप जास्त सापडला, तीनपैकी एका गावात मात्र भूमिहीनांना बाकीच्यांपेक्षा कमी. गोष्ट इथे संपली नाही, १९९७ मध्ये मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधरी यांनी त्याच जर्नलमध्ये त्याच गावांचा डेटा घेऊन दाखवलं की घरखर्च मोजायची पद्धत बदलली की स्वतःच्या उत्पन्नाचा परिणाम वाढतो, म्हणजे गाव सावरून घेतं हे टाउनसेंड म्हणतो तितकं पक्कं नाही. घरच्या ज्वारीची किंमत कशी धरायची, साठवलेलं धान्य खाल्लं तर तो खर्च कधीचा, असल्या बारीक गोष्टींवर जगातली मोठी माणसं भांडतात आणि ते भांडण शिरापूरच्या चाळीस घरांवर चालतं. म्हणून कुणी म्हटलं की सोलापुरात बसून काय रिसर्च होणार तर ऐकू नकोस.

आता तुझ्या विषयाकडे येतो. विडी कामगार बायकांवरच एक उत्तम पेपर आहे, अहमदाबादचा, २०१७ मध्ये छापलेला, शॅरन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या तिघींचा. तिथे १९८७ मध्ये सेवा या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या विडी कामगारांसाठी घरं बांधली, अर्ज जास्त आणि घरं कमी म्हणून सोडत काढली. चौदा वर्षांनी या तिघींनी सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या दोन्ही प्रकारच्या बायका शोधून काढल्या. नवीन वसाहत शहराच्या मध्यापासून बारा किलोमीटरवर होती. घरं चांगली होती यात वाद नाही, पण नंबर लागलेल्यांच्या कुटुंबाचं उत्पन्न वाढलेलं दिसलं नाही, मुलांचं काही फार बरं झालेलं दिसलं नाही, आणि ३४ टक्के बायका तर घर मिळूनही तिथे राहायलाच गेल्या नाहीत. कारण काय, तर नातेवाईक, जातभाई, शेजार सगळा मागे राहिला आणि अडीनडीला उसने देणारी माणसं लांब गेली. म्हणजे टाउनसेंडने गावात जो विमा शोधला होता तोच इथे शहरात तुटताना दिसतो.

सोडत इतकी महत्त्वाची का, हे नीट समजून घे, सध्याच्या अर्थशास्त्राचा हा गाभा आहे. सोडत नसती आणि नवीन वसाहतीतल्या बायकांची जुन्या वस्तीतल्या बायकांशी तुलना केली असती, तर मुळात नवीन घर घेणारी बाईच वेगळी असू शकते, थोडी पैसेवाली, थोडी हिंमतीची, नवरा बरा कमावणारा, मग दिसणारा फरक घरामुळे की बाईमुळे हे कसं कळणार? चिठ्ठी टाकली की दोन्ही गट सरासरीने सारखेच असतात. अभिजीत बॅनर्जी, एस्तेर ड्युफ्लो आणि मायकल क्रेमर यांना २०१९ चं नोबेल याच पद्धतीच्या कामाला मिळालं. जिथे चिठ्ठी टाकणं शक्य नाही तिथे आपोआप घडलेली तुलना शोधायची, डेव्हिड कार्ड, जोशुआ अँग्रिस्ट आणि गिडो इम्बेन्स यांना २०२१ मध्ये मिळालं ते त्यासाठी. कार्ड आणि ॲलन क्रुगर यांचं १९९४ चं काम तर अगदी साधं आहे, न्यू जर्सीत किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात झालं नाही, मग सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बर्गरच्या दुकानांमध्ये नोकऱ्या किती घटल्या ते मोजलं, आणि पुस्तकात सांगतात तशी घट दिसलीच नाही. आपल्या महाराष्ट्रातही असं एक प्रकरण आहे, १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झालं आणि रोजगार हमीची मजुरीही त्याबरोबर वाढली, त्यावर रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि चौधरी यांनी दाखवलं की मागेल त्याला काम ही हमी त्यानंतर पातळ झाली, कामं मोजूनमापून दिली जायला लागली. मजुरी वाढली हे चांगलंच, पण त्याची किंमत कुणी मोजली हेही विचारावं लागतं.

आता सोलापूर बघ. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगारांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये झाली. त्याच भागात रे नगर उभं राहिलं, पहिल्या टप्प्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली, तिथे विडीवाल्या, यंत्रमागवाले, फेरीवाले, कचरा वेचणारे असे असंघटित कामगार आहेत, आणि योजना एकूण तीस हजार घरांची. तुझा प्रश्न इथे पडलाय बघ. शहरातून, म्हणजे पूर्वभागातल्या दाट वस्तीतून कुंभारीला गेल्यावर विडी वळणाऱ्या बाईची कमाई, उसनवारी आणि अडीनडीची मदत वाढली की कमी झाली? घर स्वतःचं झालं, भाडं वाचलं, ओल्या भिंती गेल्या, हे सगळं एका बाजूला. कारखान्यापासून अंतर वाढलं, आईचं घर लांब गेलं, नवऱ्याचा माग शहरातच राहिला, हे दुसऱ्या बाजूला. उत्तर कुठेही जाऊ शकतं, आणि अहमदाबादचं उत्तर सोलापूरला लागू होईलच असंही नाही, कारण तिथे थोड्या बायका लांब गेल्या आणि इथे हजारोंनी एकत्र गेल्या, शेजारच बरोबर गेला असेल तर विमा तुटलाच नसेल.

तुलना कशाशी, हा अवघड भाग. इथे अहमदाबादसारखी सोडत झाली असं धरून चालू नकोस. पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा यांची तुलना मोहात पाडते, एकाच योजनेचे सभासद, फक्त काहींना आधी मिळालं काहींना नंतर. पण आधी कुणाला मिळालं हे कशावरून ठरलं ते शोधून काढ. ज्यांनी स्वतःचा हिस्सा आधी भरला त्यांना आधी मिळालं असेल तर पहिला गट मुळातच बऱ्या परिस्थितीतला आहे आणि तुलना तिथेच मोडते. क्रम सभासद नंबरवरून किंवा दुसऱ्या कुठल्या कारणाने लागला असेल, ज्याचा घरच्या परिस्थितीशी संबंध नाही, तर तुझ्या हातात सोनं आहे. हे कळायला फॉर्म भरून घेण्याआधी महिना-दोन महिने नुसतं लोकांशी बोलावं लागेल, यादी कशी बनली, पैसे कसे भरले, बँकेचं कर्ज कुणाला मिळालं. माझ्या मते पीएचडीतला सगळ्यात मोलाचा काळ हाच, आणि नेमका तोच आपल्याकडे कुणी देत नाही.

आणि मोजायचं काय? विडीची मजुरी हजारावर ठरते, ते सगळ्यांना माहितीये. पण एका बाईने हजार विड्या वळल्या म्हणजे खरंच एकटीने वळल्या का? मुलगी शाळेतून येऊन दोरे बांधते, सासू पानं कापते, आणि कार्डावर नाव एकीचंच. मग "दिवसाची कमाई" भागिले "एक बाई" हा हिशोब चुकतो, तासाची मजुरी तू मोजतेस त्यापेक्षा बरीच कमी निघते. कारखान्यात नापास झालेल्या विड्यांचं काय, कमी पडलेला पाला बाहेरून स्वतःच्या पैशाने घेतला तर तो खर्च कुठे लिहिणार? सरकारी सर्व्हेत घरबसल्या काम करणाऱ्या बाईची नोंद कधी स्वयंरोजगार, कधी मजूर, आणि कधी नुसतं घरकाम अशी पडू शकते, प्रश्न कसा विचारला त्यावर अवलंबून. हे सगळं तुला घरातून माहितीये आणि दिल्लीत बसलेल्या माणसाला माहीत नाही, तुझी खरी ताकद इथे आहे.

भाषेचीही. पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोट रोडकडे कन्नड, कुठे दखनी, कुठे मराठी. प्रश्नावली मराठीत छापून तेलुगू बोलणाऱ्या आजीला तोंडी भाषांतर करून विचारली तर प्रत्येक वेळी प्रश्न थोडा बदलतो. त्या-त्या भाषेत नीट लिहून घे, दुसऱ्या कुणाकडून परत मराठीत उलटवून बघ. अजून एक, हातात कागद घेऊन कोणी दारात आलं की आपल्याकडे लोकांना घरकुल किंवा रेशनची चौकशी वाटते आणि उत्पन्न कमी सांगतात. यात त्यांची काही चूक नाही. तू कोण, कशासाठी विचारतेस, यातून काही मिळणार नाही आणि काही जाणारही नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांग, परवानगी घे, नावं वेगळ्या वहीत ठेव. उत्पन्नाऐवजी खर्च आणि उसनवारी विचारलीस तर उत्तर जास्त खरं मिळतं, हा माझा अनुभव.

तू विचारलंस की बाकी जगात कशावर काम चालतं. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची एक वर्गवारी आहे, जेईएल कोड म्हणतात, इंग्रजी अक्षरांप्रमाणे विभाग पाडलेत, व्यष्टी, समष्टी, आंतरराष्ट्रीय व्यापार, वित्त, सार्वजनिक वित्त, आरोग्य-शिक्षण, श्रम, उद्योग, आर्थिक इतिहास, विकास, शेती-पर्यावरण, शहरं वगैरे. एकदा ती यादी नजरेखालून घाल, म्हणजे कळेल की टीव्हीवर ज्याला अर्थशास्त्र म्हणतात, रेपो रेट आणि बजेट, तो एक कोपरा आहे. निव्वळ सिद्धांताचं काम म्हणजे गणितच, पण आज बरंचसं काम डेटावर चालतं. इतिहासातही मोठं काम होतं, क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं नोबेल अमेरिकेतल्या बायकांच्या दोनशे वर्षांच्या कमाईवरच्या कामासाठी मिळालं. आपल्या सोलापुरात जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचा इतिहास पडलाय, गिरण्या बंद पडल्यावर त्या कामगारांची मुलं कुठे गेली हा प्रश्न अजून कुणी नीट मोजलेला माझ्या बघण्यात नाही. आणि ही परंपरा आपल्याला परकी नाही, बाबासाहेबांचं रुपयाच्या प्रश्नावरचं काम १९२३ चं, पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट १९३० मध्ये सुरू झाली, धनंजयराव गाडगीळांनी सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीवर १९६५ मध्ये आख्खं पुस्तक छापलं, दांडेकर आणि रथ यांचा गरिबीवरचा अभ्यास १९७१ चा. गाडगीळांचं ते पुस्तक लायब्ररीतून काढून वाचच.

विडीवर काम करायचं नसेल तर कांदा घे. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली, ४ मे २०२४ ला उठवली. सोलापूरच्या यार्डात नेमका तेव्हाच कांद्याचा ढीग असतो. "निर्यातबंदीचा शेतकऱ्यांवर परिणाम" असं शीर्षक दिलंस तर परत तेच, भाव पडले. पण सोलापूरचा बराच कांदा हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नईकडे जातो, मग इथले भाव नाशिकच्या बाजारांपेक्षा कमी पडले का? हा प्रश्न झाला. तरी सावध राहा, नाशिकचा माल बाहेर जायचा थांबला की तो दक्षिणेकडेच वळतो आणि आपला भाव पाडतो, म्हणजे ज्याच्याशी तुलना करतेस त्यालाच बंदीचा फटका बसलेला असतो. भाव आणि आवक ॲगमार्कनेट या सरकारी साइटवर रोजची फुकट मिळते, फक्त एकाच दिवशी "लाल" आणि "इतर" अशा दोन नोंदी, मधले गायब दिवस, एखादं शून्य जास्त पडलेला भाव, हे सगळं साफ करण्यात महिना जातो.

समीकरणं बघून गणिताची भीती वाटत असेल. डेटावर काम करायला संभाव्यता, नमुना निवड, रिग्रेशन (एका गोष्टीबरोबर दुसरी किती बदलते ते काढायची पद्धत) हे पक्कं लागतं, थोडं कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स. एम.ए.ला शिकलेलं बहुतेक पाठ केलेलं असतं, ते परत पहिल्यापासून समजून घे, सहा-आठ महिने लागतील, लागू देत. आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाटा महाग आहे, आर फुकट आहे, आर शिक. एक्सेलवर थिसिस करू नकोस, कुठल्या सेलमध्ये काय बदललं हे नंतर शोधता येत नाही. इंग्रजी बोलता नाही आलं तरी चालेल, वाचता यायलाच पाहिजे, रोज एका पेपरचा फक्त सुरुवातीचा भाग वाच आणि मराठीत पाच ओळी लिही, प्रश्न काय, तुलना कशाशी, डेटा कुठला, निघालं काय, मला पटलं का. वर्षभरात फरक दिसतो, माझ्या विद्यार्थ्यांमध्ये मी बघितलाय.

डेटासाठी पैसे लागतात हा गैरसमज आहे. मजुरी-रोजगाराचा पीएलएफएस, घरखर्चाचा २०२२-२३ आणि २०२३-२४ चा सर्व्हे, असंघटित धंद्यांचा सर्व्हे, यांच्या घराघराच्या नोंदी सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर फुकट आहेत. आरोग्याचा एनएफएचएस मिळतो, इक्रिसॅटचा गावांचा डेटाही मिळतो, गाव-शहर पातळीवर जनगणना आणि आर्थिक गणना एकत्र जोडलेला श्रग नावाचा संच आहे. फक्त राज्याच्या सर्व्हेतून सोलापूर जिल्ह्याची टक्केवारी काढून ती छातीठोकपणे लिहू नकोस, एका जिल्ह्यातली घरं नमुन्यात फार थोडी येतात, त्यावरचा आकडा डुगडुगतो. आणि वजनं, म्हणजे नमुन्यातलं एक घर किती घरांच्या जागी धरायचं तो आकडा, लावायला विसरू नकोस, परीक्षक पहिलं तेच विचारतो.

सुरुवात कर ती दुसऱ्याचं काम परत करून बघण्यापासून. थॉमस हर्नडन नावाचा अमेरिकेतला एक विद्यार्थी, त्याला क्लासमध्ये असाइनमेंट होती की छापलेल्या एखाद्या पेपरचे आकडे परत काढून दाखव. त्याने कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० चा सरकारी कर्जावरचा पेपर घेतला, जगभरचे मंत्री तेव्हा तो दाखवत होते, आणि आकडे काही जुळेनात. शेवटी त्यांची एक्सेल फाइल मिळाली तर सरासरीत पाच देशच घेतलेले नव्हते, शिवाय काही वर्षं गाळलेली होती, वजनं वेगळ्याच पद्धतीने लावली होती. कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची वाढ त्यांनी उणे ०.१ टक्के लिहिली होती, हर्नडन आणि त्याच्या शिक्षकांनी २०१३ मध्ये ती २.२ टक्के काढली. तू शिरापूरचा डेटा उतरवून घे, टाउनसेंडचा एक तक्ता निवड आणि तो जुळतो का बघ, नाही जुळला तर का नाही हे शोधताना तू जे शिकशील ते कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही.

छापण्याबद्दल. पैसे भरा आणि आठवड्यात पेपर छापून घ्या असे मेसेज तुला येतील, येतच असतील. त्यांना एक रुपया देऊ नकोस. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आता चांगलं जर्नल कुठलं हे तुला आणि तुझ्या सरांनाच ठरवावं लागतं, संपादक कोण, आधीचे लेख कसे, तपासणी खरंच होते का. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडी जमा करण्याआधी पेपर छापायची सक्ती राहिलेली नाही, पण आपल्या विद्यापीठाचा चालू नियम काय ते बघून घे. अर्थशास्त्रात चांगल्या जर्नलमध्ये पेपर यायला कधी-कधी वर्षं जातात, म्हणून लोक आधी वर्किंग पेपर म्हणून सगळ्यांसमोर ठेवतात, शिव्या खातात, सुधारतात. तू मराठीतून सुरुवात केलीस तर मला आनंदच होईल, मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनात वाच, त्यांच्या अर्थसंवादमध्ये पाठव, मग इंग्रजीत करून इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीसाठी प्रयत्न कर. आणि निकाल काय आला ते कुंभारीच्या बायकांना जाऊन तेलुगूत सांग, त्यांनी तुला वेळ दिलेला असेल.

राहिला सरांचा प्रश्न. त्यांना नाही म्हणू नकोस, गरज नाही. नोंदणीसाठी शीर्षक त्यांचंच राहू दे, समितीला तेच ओळखीचं वाटतं. फक्त एक पान तयार कर, त्यात लिही माझा प्रश्न हा, तुलना या दोन गटांची, यादी अशी ठरली असं मला कळलंय, डेटा इथून घेणार, आणि अमुक दिसलं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल. ते पान घेऊन सरांसमोर बस आणि नमुना किती घ्यायचा यावर बोलायला सुरुवात कर.